चालण्यासाठी गादीदार बूट कसा घडवावा: मापापासून पहिल्या लॉटपर्यंत

बूट घेताना आत हात घालून अंगठ्याने सुकतळा दाबायचा आणि ‘मऊ आहे’ म्हणून पसंत करायचा, अशी आपल्याकडची पद्धत आहे. अंगठ्याचा जोर असतो जेमतेम चार-पाच किलोंचा. ६५ किलो वजनाचा माणूस साध्या चालीने चालतो तेव्हा पावलावर त्याच्या वजनाच्या साधारण १.१ पट भार येतो, म्हणजे ७० किलोंच्या आसपास. पाऊल टेकल्यावर हा भार प्रथम वाढतो तेव्हा त्यातला बराचसा टाचेच्या २५ चौरस सेंटीमीटरवर असतो. एका चौरस सेंटीमीटरवर अडीच किलोंच्या आसपास. अंगठ्याला मऊ लागलेला फोम एवढ्या भाराखाली चपटा होऊन तळाला टेकला, तर पुढचं सगळं चालणं फरशीवरच चाललं असं समजा.

म्हणून या लेखात मऊपणापेक्षा थांबायच्या अंतराबद्दल जास्त लिहिलं आहे. टाच खाली येते आणि थांबते. ती किती मिलिमीटरमध्ये थांबते, यावर धक्का ठरतो. अंतर वाढलं की वेळ वाढतो आणि जोर कमी होतो. बूट घडवणाऱ्याच्या हातात त्यासाठी टाचेखालचे फार तर २५-३० मिलिमीटर असतात. ते कसे वापरायचे, एवढाच प्रश्न आहे.

हा लेख छोट्या कारखान्यातून नमुना करून घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. चेंबूर-कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत किंवा धारावीत बसून बूट करून घेता येतात आणि तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही. पण त्यांना ‘जरा मऊ करा’ एवढंच सांगितलं तर ते जवळ असलेला सर्वात मऊ शीट लावून देतील. त्यांचा दोष नाही, सांगणाऱ्याचा आहे.

पायात आधीच असलेली गादी

डिझाइन सुरू करण्याआधी हे समजून घ्या, कारण पुढचे निम्मे निर्णय यातून निघतात. टाचेच्या हाडाखाली चरबीची जाड गादी असते, प्रौढ माणसात साधारण १८ मिलिमीटरची. ही चरबी तंतूंच्या छोट्या छोट्या कप्प्यांत बंद असते, म्हणून भार आला की दाबली जाते आणि भार गेला की परत फुगते. वय वाढतं तशी तिची लवचीकता कमी होते. साठीनंतर ‘फरशीवर टाच ठणकते’ ही तक्रार वाढते, त्यामागे हेही एक कारण असतं.

सपाट आणि उघड्या तळावर ही चरबी दोन्ही बाजूंना पसरते आणि हाडाखाली पातळ होते. टाच घट्ट, खोलगट कपात बसवली तर चरबी हाडाखालीच राहते आणि तिची धक्का झेलण्याची ताकद वाढते. म्हणजे नीट बसलेला टाचेचा कप एक मिलिमीटरही फोम न वाढवता गादी वाढवतो. बाजारातल्या पुष्कळ जाड तळाच्या स्लिपर इथेच कमी पडतात. तळ भरपूर, पण टाच वर मोकळी.

पाऊल कसं टेकतं

चालताना एक पाऊल एकूण चक्रातला सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतं. आधी टाचेची मागची-बाहेरची कड टेकते, मग पाऊल सपाट होतं, शरीर त्यावरून पुढे जातं, टाच उचलते आणि शेवटी चवडा व अंगठा जमिनीला मागे रेटतात. भाराचा आलेख काढला तर दोन उंचवटे दिसतात, पहिला टाच टेकल्यानंतर आणि दुसरा चवड्यावरून रेटताना. धावताना हाच भार वजनाच्या दोन-तीन पट होतो. म्हणून धावण्याचा बूट जसाच्या तसा उचलून त्याला चालण्याचा बूट म्हणणं मला पटत नाही. चालणाऱ्याला उसळीपेक्षा टाचेकडून चवड्याकडे सहज घरंगळणारं पाऊल हवं असतं.

पायरी १: कोणासाठी आणि कुठे

कागदावर चार ओळी लिहा: वजन, वय, रोज किती चालणं, कोणत्या जमिनीवर. आपल्या शहरांत जमीन म्हणजे काँक्रीट, पेव्हर ब्लॉक, मॉलची गुळगुळीत फरशी आणि चार महिने ओलं सगळं. या लेखात मी ६० ते ७० किलो वजनाचा, रोज चार-पाच किलोमीटर चालणारा माणूस धरला आहे. ९० किलोंच्या माणसासाठी आकडे बदलतील, ते पुढे येईलच.

एक गोष्ट इथेच ठरवून टाका. बूट वापरणाऱ्याला मधुमेह असेल आणि तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर ‘घालून बघा, कसं वाटतंय’ ही पद्धत त्याच्या कामाची नाही. त्याला खुपतंय हे कळणारच नाही. तिथे पाय तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच काम करा. या विषयातलं मोलाचं काम भारतातच झालं आहे. वेल्लोर आणि करिगिरी इथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी सूक्ष्म छिद्रांच्या रबराची, म्हणजे एमसीआरची, पादत्राणं वापरात आणली. साधारण १५ शोअर ए (रबराचा कठीणपणा मोजायचं माप; आकडा लहान तेवढं मऊ) कठीणपणाचा एमसीआर सुकतळा आणि त्याखाली कडक तळ ही जोडी आजही मधुमेहींच्या चपलांत दिसते. त्यातला एक नियम कडक पाळला जातो: तळात खिळा नको.

पायरी २: मोजमाप

संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. उभं राहून घ्या, कारण भार आला की पाऊल लांब आणि रुंद होतं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा. कागदावर पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. पेन्सिल आत कलली की रुंदीत काही मिलिमीटर सहज हरवतात.

लागणारी मापं: लांबी, चवड्याची रुंदी, चवड्याचा घेर, पावलाच्या उंचवट्याचा घेर, टाचेची रुंदी. आणखी एक माप बहुतेक जण विसरतात. टाचेच्या मागच्या कडेपासून अंगठ्यामागच्या हाडाच्या गाठीपर्यंतचं अंतर. बूट नेमका तिथे वाकला पाहिजे. सारख्याच लांबीच्या दोन पावलांत ही गाठ मागेपुढे असू शकते, एकाची बोटं लांब तर दुसऱ्याची आखूड.

बोटांपुढे १० ते १२ मिलिमीटर जागा सोडा. आकड्यांची भाषा कारखान्यानुसार बदलते: इंग्लिश मापाचा एक नंबर म्हणजे ८.४६ मिलिमीटर, युरोपीय मापाचा एक नंबर ६.६७ मिलिमीटर. गोंधळ नको असेल तर मिलिमीटरमध्येच बोला. रुंदीबद्दल तर जास्तच सावध राहा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली आहे. तिच्यामागचं एक कारण असं, की आपली पावलं इंग्लिश-युरोपीय मापांच्या मानाने रुंद निघाली. रुंदी कमी पडली की लोक एक नंबर मोठा घेतात, मग वाकायची जागा पुढे सरकते, टाच मागे हलते आणि टाचेच्या कपाचा सगळा फायदा जातो.

पायरी ३: फर्मा

ज्यावर बूट चढवतात तो लास्ट, कारखान्यातला फर्मा, हा बुटाचा खरा आराखडा. पूर्वी लाकडी असायचा, आता बहुधा प्लास्टिकचा. नवा फर्मा करून घेणं महाग पडतं, म्हणून तयार फर्म्यातून निवडा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली, टाच आणि चवडा यांतला उंचीचा फरक. फर्मा १० मिलिमीटर फरकाचा असेल आणि तुमचा तळ ४ मिलिमीटर फरकाचा, तर फर्मा काढताच बूट वळतो. दुसरी, आतली खोली. काढता-घालता येणारा ५ मिलिमीटरचा सुकतळा द्यायचा असेल तर फर्म्यात तेवढी जास्तीची उंची हवी. ही जागा धरलेली नसली की छान गादी बसवूनही बोटं वर अपरला, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला, घासतात आणि ग्राहक म्हणतो बूट चावतो. तिसरी, पुढचा उचललेला भाग. चवड्यापासून टोक १०-१२ मिलिमीटर वर असेल तर पाऊल सहज पुढे जातं.

पायरी ४: बाजूने चित्र काढा

ग्राफ पेपरवर, खऱ्या मापात. आमच्या ६०-७० किलोंच्या माणसासाठी टाचेखाली असं गणित बसतं: सुकतळा ५, आतलं कापड-बोर्ड १, मिडसोल (मधला फोमचा मुख्य थर) २०, खालचं रबर ४. एकूण ३०. चवड्याखाली ५, १, १२, ३, एकूण २१. फरक ९ मिलिमीटर. हे आकडे शेवटचे नाहीत, पण सुरुवातीला चांगले आहेत.

आता मागच्या कडेकडे बघा. टाचेच्या मागे तळ काटकोनात संपला तर टेकताना ती कड तरफेसारखी काम करते आणि पाऊल धप्पकन आपटतं. मागच्या १५-२० मिलिमीटरमध्ये तळ वर गोलाई देत न्या. बाहेरच्या बाजूला ही गोलाई थोडी जास्त ठेवा, कारण तिथेच आधी टेकतं. तळ बुटाबाहेर फार पसरवूही नका. रुंद तळ स्थिर वाटतो खरा, पण टाच बाहेरच्या कडेवर पडली की तोच पसरलेला भाग पाऊल आत फिरवतो. प्रत्येक बाजूला ४-५ मिलिमीटर पुरे.

पुढे, तळ वर वळायला सुरुवात होते ती रेषा चवड्याच्या गाठींच्या थोडी मागे हवी, बुटाच्या लांबीच्या टाचेपासून साधारण ६० टक्क्यांवर. पायरी २ मधलं विसरलं जाणारं माप इथे कामाला येतं.

पायरी ५: फोम

इथे सर्वात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट) हलका, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. कठीणपणा बहुधा आस्कर सी या मापात सांगतात, पण काही विक्रेते शोअर ए सांगतात. दोन्ही आकडे वेगळे आहेत, तेव्हा ‘४५’ एवढंच ऐकून माल उचलू नका, कोणत्या मीटरवरचे ४५ ते विचारा. ६०-७० किलोंसाठी मिडसोल ४५ ते ५० आस्कर सी, ८५ किलोंपुढे ५० ते ५५, पन्नाशीच्या खाली वजन असेल तर ४० ते ४५ पासून सुरू करा. ईव्हीएचा दोष असा की तो दबत जातो. आतल्या हवेच्या पेशी हळूहळू चुरगळतात आणि जाडी परत येत नाही. कापसाची गादी निदान पिंजून तरी घेता येते, याला तोही उपाय नाही. शीटमधून कापून घासलेल्या ईव्हीएपेक्षा साच्यात दाबून केलेला ईव्हीए जास्त टिकतो, कारण त्याच्या भोवती घट्ट त्वचा तयार होते. लहान ऑर्डरला साचा परवडत नाही. मग शीट घ्या, पण घनतेला कात्री लावू नका.

पीयू (पॉलियुरेथेन) जड, पण दाबाला चिवट. महिनोन्महिने जाडी टिकवतो. सुकतळ्यासाठी उघड्या पेशींचा पीयू मला ईव्हीएपेक्षा आवडतो, घामही थोडा सुकतो. मिडसोलसाठी मात्र हवामान बघा. पॉलिएस्टर जातीचा पीयू दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटतो. न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटाचा तळ एक दिवस भुगा होऊन पडतो, तो याच कारणाने. कोकणात किंवा मुंबईत विकायचा बूट असेल तर पॉलिइथर जातीचा पीयू मागा.

टीपीयूच्या (तापवून वितळवता येणाऱ्या पॉलियुरेथेनच्या) फुगवलेल्या मण्यांचा फोम २०१३ मध्ये आदिदासने बूस्ट नावाने आणला. त्याची उसळी उत्तम आणि थंडी-उन्हात तो फारसा बदलत नाही. पण मणी वाफेने जोडण्याचं यंत्र छोट्या कारखान्यात नसतं, तेव्हा तयार तळ विकत घ्यावा लागतो.

मेमरी फोमबद्दल माझं मत चांगलं नाही. दुकानात पाय घातला की तो स्वर्ग वाटतो, आणि विकलाही त्यासाठीच जातो. तो हळू परततो. पुढचं पाऊल पडेपर्यंत नीट फुगलेला नसतो आणि तासाभरात टाचेखाली खळगा करून बसतो. वरचा २-३ मिलिमीटरचा थर म्हणून चालेल, मुख्य गादी म्हणून नाही.

मला पटलेली रचना म्हणजे वर मऊ, खाली घट्ट. वरचा ५-६ मिलिमीटर थर २५-३५ आस्कर सी, तो पावलाचा आकार घेतो आणि भार जास्त जागेवर पसरवतो. खालचा २० मिलिमीटर थर थांबवण्याचं काम करतो. उलटं केलं तर पाऊल डुलतं.

पायरी ६: बूट शिवण्याआधी फोमची परीक्षा

यंत्र नको. ५ सेंटीमीटर व्यासाचा लाकडी ठोकळा घ्या आणि त्याची खालची कड थोडी गोल करा. त्याचं क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटीमीटर. ठरलेले थर एकमेकांवर ठेवा, त्यावर ठोकळा, आणि भिंतीचा आधार घेऊन ज्याच्यासाठी बूट आहे त्याने एका टाचेने त्यावर पूर्ण वजन द्यावं. दुसऱ्याने पट्टीने ठोकळा किती खाली गेला ते मोजावं. भार चालण्यापेक्षा थोडा जास्तच येतो, म्हणजे परीक्षा कडक बाजूची.

थर २५ मिलिमीटरचा असेल आणि ठोकळा ८ ते १२ मिलिमीटर आत गेला तर ठीक. ५ पेक्षा कमी गेला तर फोम घट्ट, जागा वाया. १५ च्या पुढे गेला तर फोम तळाला टेकायच्या बेतात आहे. आता आणखी भार आला की तो दगड होईल. तेव्हा ठोकळ्यावर टाच जरा उचलून पुन्हा टेकवायची. शेवटी ‘टक्’ असा कठीण थांबा जाणवला तर कठीणपणा ५ अंकांनी वाढवा.

दुसरी परीक्षा दबून राहण्याची. फोमचा तुकडा दोन पत्र्यांमध्ये सी-क्लॅम्पने निम्म्या जाडीपर्यंत आवळा आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सहा तास ठेवा. सोडा, एक दिवस जाऊ द्या, मोजा. दोन-तीन विक्रेत्यांचे तुकडे शेजारी ठेवून हे केलं की कोणाचा माल घ्यायचा ते बोलावं लागत नाही.

पायरी ७: टाच, कमान, अपर

टाचेमागे कडक काउंटर, म्हणजे टाच धरून ठेवणारी कडक पाठ, हवा, आणि तो खाली तळाशी पक्का जोडलेला हवा. सुकतळ्याला मागे ८ ते १० मिलिमीटर खोलीचा कप द्या. टाचेच्या रुंदीचं माप इथे वापरा. कप सैल असेल तर तो कप नाहीच.

बुटाची टाच आणि टोक धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे. मधल्या कमानीत वाकत असेल तर तिथे नायलॉनची किंवा कडक फायबरची पट्टी, म्हणजे शँक, टाका. अपर जाळीच्या कापडाचं असेल तर कमानीच्या दोन्ही बाजूंना आतून पट्टी शिवा, जी लेस ओढली की पाऊल मागे टाचेत बसवेल. लेस आवळूनही टाच वर-खाली होत असेल तर दोष बहुधा फर्म्यात असतो, लेसमध्ये नाही.

कोल्हापुरीला मऊ थर घालणारे आता बरेच आहेत. तिथे काउंटर नसतो, म्हणून निदान तळच टाचेपाशी खोलगट करा. दोन चामड्यांच्या मध्ये सपाट फोम घालून फारसं साधत नाही.

पायरी ८: चिकटवणं

खालच्या रबराचा कठीणपणा ६० ते ६५ शोअर ए. ओल्या फरशीसाठी नक्षीच्या कडा धारदार आणि पाणी बाहेर जायला आरपार नाल्या हव्यात. टाचेखालचा भाग पूर्ण गुळगुळीत ठेवू नका. घसरणं बहुधा टाच टेकतानाच होतं.

रबर घासून त्यावर हॅलोजन प्रायमर (जोड नीट धरावा म्हणून आधी लावायचा द्रव), ईव्हीएवर त्याचा वेगळा प्रायमर, मग पीयू सोल्युशनचा, म्हणजे चिकटवायच्या द्रवाचा, हात, सुकवणं, ६० अंशांच्या आसपास तापवणं आणि प्रेस. साच्यातून आलेल्या तळावर सुटवणीचं तेल असतं, ते पुसल्याशिवाय काहीच धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सोल्युशन सुकताना त्यावर हवेतली ओल बसते आणि जोड नंतर सुटतो. तापवण्याची पेटी नसेल तर त्या दिवसांत काम थांबवलेलं बरं. प्रेसनंतर चोवीस तास ओढून बघू नका. आणि खोली हवेशीर ठेवा, सोल्युशनचा वास आहे तो विरघळकांचा, फुफ्फुसांना तो चांगला नाही.

पायरी ९: चालवून बघा

वेगवेगळ्या वजनाच्या तीन-चार माणसांना द्या. दोन फोममध्ये निवड करायची असेल तर दोन्ही जोडांची जाडी तंतोतंत सारखी ठेवा, नाहीतर लोक उंचीवर मत देतात. पहिल्या पाच मिनिटांच्या मताला किंमत देऊ नका. तासभर काँक्रीटवर चालून आल्यावर विचारा, आणि ‘मऊ आहे का’ असं न विचारता ‘कुठे काय जाणवलं’ असं विचारा.

मिडसोलच्या बाजूवर टाचेपाशी दोन खुणा करून कॅलिपरने उंची मोजून ठेवा. दर ५० किलोमीटरला पुन्हा मोजा, रात्रभर विश्रांती दिल्यावर. सुरुवातीला थोडी घट होणारच. ती थांबत नसेल, किंवा बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या राहत असतील, तर फोम हलका आहे. खालचं रबर टाचेच्या मागच्या-बाहेरच्या कडेला झिजणं नेहमीचं; आतली कड झिजत असेल तर आतल्या बाजूचा मिडसोल थोडा घट्ट करून बघा.

वजनही तोला. धावपटूंवरच्या प्रयोगांत प्रत्येक बुटामागे १०० ग्रॅम वाढले की प्राणवायूचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो असं दिसलं आहे. चालण्यात एवढं जाणवत नाही, पण ४०० ग्रॅमच्या वर गेलेला बूट संध्याकाळी पायाला ओढ देतोच.

कारखान्याला द्यायचा कागद

नमुना पास झाला की तोंडी काही ठेवू नका. फर्म्याचा क्रमांक, प्रत्येक थराची जाडी दोन ठिकाणची, कठीणपणा मीटरच्या नावासह आणि ३ अंकांची सूट, फोमची घनता, कपाची खोली, वाकण्याच्या रेषेचं टाचेपासूनचं अंतर, एका बुटाचं वजन. सोबत पास झालेल्या फोमचा तुकडा सही करून द्या आणि तसाच एक स्वतःकडे ठेवा.

पहिला लॉट आला की त्यातला एक बूट करवतीने टाचेपासून टोकापर्यंत मधोमध कापा. कापलेल्या कडेवर पट्टी लावून थर मोजा. मिडसोल घासताना टाचेखाली दोन-तीन मिलिमीटर जास्त उडवलेला असतो, हा नेहमीचा प्रकार. सुकतळ्याखाली सोल्युशनचे गोळे आहेत का, काउंटर तळापर्यंत पोचला आहे का, शँक कमानीतच आहे की चवड्यात सरकली आहे, तेही याच कापात दिसतं. दुसरा बूट कापायची गरज नाही, तो ठोकळ्याच्या परीक्षेला लावा.